मागचं दार

नाताळात टांगलेलं फरच्या फांद्यांचं कडं
मार्च संपला तरी मागच्या दारावरच होतं.
उद्या काढतो, आर्डन म्हणायचा,
आणि उद्या बर्फ पडायचा.
विस्कॉन्सिनात उद्याचं असंच असतं.

एप्रिल लागला आणि कड्यात गवत दिसू लागलं,
मग ड्रायरमधून उडालेला लोकरीचा पुंजका,
मग एक लांब पांढरा केस. तो मी ओळखला.
एका सकाळी कॉफी हातात घेऊन दार उघडते तर
कानाजवळून काहीतरी फुर्रकन गेलं.
आत चार अंडी, फिकट निळी,
कुणी शाईचं पेन झटकावं तसे ठिपके.

"दारात बाळंतीण आहे," मी जाहीर केलं,
"महिनाभर सगळ्यांनी गॅरेजमधून."

किराणा गॅरेजमधून. चिखलाचे बूट गॅरेजमधून.
ईस्टरचं बारा पौंडी हॅम
गवत कापायच्या यंत्राला वळसा घालून,
रंगाच्या डब्यांवरून, श्वास रोखून.
सासूबाई, मार्लिस, ब्याऐंशीच्या,
वॉकर उचलून सायकलींतून वाट काढताना म्हणाल्या,
"पाच पोरं वाढवली मी या घरात,
माझ्यासाठी कुणी दार बंद ठेवलं नाही."
जेवणानंतर मात्र खिडकीशी बसल्या त्या उठेचनात.

ग्रेटानं, वय सात, दारावर कागद डकवलेला,
लाल क्रेयॉन, अक्षरं एकमेकांच्या अंगावर:
इथून येऊ नये. तुम्ही नको आहात. घरचे सगळे.
"पक्ष्यांना" हा शब्द मावला नाही.
ती म्हणाली, ते काय, कळतंच.

व्हर्लिनला कळलं नाही.
आर्डनचा धाकटा भाऊ.
डिसेंबरात बर्फ उडवायचं यंत्र नेलं,
जानेवारीत त्याची पिन मोडली,
फेब्रुवारीपासून अबोला.
एरवी तो दार वाजवत नाही,
मागून येतो, सरळ फ्रिज उघडतो.
ईस्टरलाही आला होता,
बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन, पायरीपर्यंत.
कागद वाचला.
भांडं तिथंच ठेवलं आणि गेला.

सॅलड खारींनी संपवलं.
भांडं दुसऱ्या दिवशी सापडलं, सासूबाईंनी उलटं करून पाहिलं.
"हे माझं. हे व्हर्लिनकडे होतं."
आर्डननं काटा खाली ठेवला,
गॅरेजमधून गेला,
गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

काय बोलले दोघं, मला माहीत नाही.
विचारलं तर म्हणे, "पाखराचं सांगितलं."

पुढच्या संध्याकाळपासून शेडजवळ
दोन घडीच्या खुर्च्या, दोघांत एक दुर्बीण.
नराचं डोकं लाल, जॅमच्या बरणीत बुडवल्यासारखं.
"कामाला जुंपलंय बिचाऱ्याला," व्हर्लिन म्हणायचा,
"हूं," आर्डन म्हणायचा.
यंत्राचा विषय कुणी काढला नाही.

चारांतली तीन फुटली.
बारशाला ग्रेटानं चारही नावं ठेवली,
न फुटलेल्या अंड्याचं नाव मोर्टन.
का मोर्टन, ते विचारायचं नाही.

पिल्लं उडाली ती मेमधल्या एका शनिवारी.
आम्ही सगळे ग्रेटाच्या फुटबॉलच्या मॅचला,
ती ० ते ६ हरली.
परत आलो तर कडं रिकामं,
काठाला पांढरी शीट वाळलेली,
तळाशी मोर्टन.
कागद काढला. दार मोकळं झालं.
पाय मात्र अजून गॅरेजकडेच वळत होते.

मेचा शेवटचा सोमवार, अंगणात ग्रिल पेटलेलं,
ऊन असं की लोणी बशीत वाहतंय,
आणि फाटकातून व्हर्लिन
बर्फाचं यंत्र ढकलत येतोय,
गवतात दोन लांब चरे पाडत.
नवी पिन बसवलेली, तेलपाणी केलेलं.
"लागेल ना तुला," तो म्हणाला.
"लागेल," आर्डन म्हणाला.

नंतर आम्ही आत जेवायला बसलो होतो.
मागच्या दारावर, त्या तपकिरी कड्याच्या बाजूला,
कुणीतरी हलकेच दोनदा टकटक केलं,
आणि क्षणभर कुणालाच उमगेना
की आमच्याकडे असं दार कोण वाजवतं.