चालतो, पण

जेल रोडवरच्या मुर्तझानं यंत्र दिलं ते वापरलेलंच.
डावी काडी सोडली तरी
आपली आपण जराशी वर सरकायची.
"लिनक्स है भिया, सब नहीं चलेगा,"
एवढं सांगून त्यानं पैसे मोजले.

उर्वीनं त्याच रात्री वहीला रेघा मारल्या.
खेळाचं नाव. शेरा.
चालतो. चालत नाही.
आठवडाभरात तिसरा शेरा निघाला:
चालतो, पण.

चालतो, पण झोपवून उठवला की मुका होतो.
चालतो, पण अक्षरं खसखशीएवढी.
चालतो, पण सव्वा तासात तळहात भाजतो.

मी विचारलं, चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं गं?
बाबा, खेळ लिहिलाय दुसऱ्याच घरासाठी.
तो तिथल्या नावांनी हाका मारतो,
दार उघड, दिवा लाव, पाणी दे.
मधे एक जण बसलेला असतो.
तो प्रत्येक हाक इथल्या बोलीत सांगतो,
उत्तर तिथल्या बोलीत नेऊन देतो.
जमलं, तर खेळाला कळतही नाही
की आपण परक्या घरी आहोत.

मी चष्मा काढून पुसला.
तेवीस वर्षं जिल्हा कोर्टाच्या आवारात
मी दुसरं काय करतोय?
होळकरी अमदानीतली मोडी खरेदीखतं,
विहिरीत चौथा हिस्सा, आंब्याचे झाड एक, पडके,
हिंदीत उतरवतो, पानामागे शंभर रुपये.
साहेबांना वाटतं कागदच बोलतोय.
माझं नाव शेवटी, शिक्क्याखाली, अर्धं पुसट.

शनिवारी चौघी मैत्रिणी एकाच खेळात जमणार होत्या.
रात्रभर तो उतरत राहिला.
सकाळी चित्र आलं, संगीत आलं,
आणि उंबऱ्यावरूनच हिला परत पाठवलं.
यंत्राला झेपत नाही म्हणून नव्हे.
दारावरच्या पहारेकऱ्याला
मधल्या माणसाचा भरवसा नाही.

हे वाक्य मला पाठ आहे.
रेकॉर्ड रूमचे चौरेबाबू मान वर न करता म्हणतात,
"तर्जुमा नहीं, मूल लाइए."
मूळ प्रत उंदरांनी खाल्ली
त्यालाही आता साठ वर्षं होतील.

उर्वी रडली बिडली नाही.
जेवताना गप्प होती, लोणचंसुद्धा मागितलं नाही.
रात्री उशिरा एक छोटासा खेळ उघडला,
नाव, नदी, बाकी काही नाही.
नावेला नाव द्या म्हणाला,
तिनं आपलंच दिलं, मराठीत.
पडद्यावर उमटल्या पाच रिकाम्या चौकटी.

अक्षरं दोन, चौकटी पाच.
मी बोट ठेवत वाचल्या:
उ, मग र, मग त्याचा मोडलेला पाय,
मग व, मग वेलांटी.
बरोबर आहे, म्हटलं, तूच आहेस.

तिनं काडी सोडली.
नाव आपली आपण
जराशी वर सरकली.