दोन वह्या

क्लिनिकच्या कपाटात दोन वह्या.
निळी, खोकल्याची.
दुसरी हिरवी. तिचं नाव आम्ही मोठ्यानं घेत नाही,
नुसतं म्हणतो, ती वही.
कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

मोलाहलेही आला तेव्हा बर्फ पडून गेलं होतं.
घोडा कुंपणाला बांधून
कांबळ्याची पिन न काढताच तो बाकावर बसला.
एकोणीस वर्षं वेल्कोमच्या खाणीत.
सोनं वर गेलं, धूळ याच्याबरोबर लेसोथोत परत आली.
डबीत बेडका दिला त्यानं, न लाजता.
खाणीचा खोकला इथे मानाचा:
त्याला कागद असतात, शिक्का असतो,
कधीतरी पैसे मिळतील अशी एक खिडकी असते कुठेतरी.
थोरलीचं नाव त्यानं पुसेलेत्सो ठेवलंय.
म्हणजे भरपाई.

निळ्या वहीत ओळ भरली मी.
वजन एकोणपन्नास. जंतू आहेत, भरपूर.
शेवटचा रकाना उरला.
"बोटातून एक थेंब, न्ताते."
"तो कशाला?"
"क्षयाच्या प्रत्येक माणसाला विचारतो आम्ही."
"मला नको विचारू."
गोळ्यांची पाकिटं कांबळ्यात खोचून तो निघाला.
रकान्यात मी पेन्सिलनं आडवी रेघ मारली.

हिरव्या वहीत, पान सदतीसवर,
त्याची बायको आहे.
तीन वर्षं.
मीठ आणायला जाते सांगून येते,
बाटलीत कापूस कोंबून नेते,
चालताना गोळ्या वाजू नयेत म्हणून.
"तो खाणीतून आला की सांगेन."
तो आला, खोकत आला.
"बरा झाला की सांगेन."

आणि मला माहीत होतं
त्या एका थेंबाशिवाय तो बरा होणं अवघड आहे.
रात्री किल्ली उशाखाली ठेवून बघितली, टोचायची.
बोलले असते तर?
डोंगरात गोष्ट घोड्याच्या आधी पोचते.
मग हिरव्या वहीतलं कोण पुन्हा आलं असतं माझ्याकडे?

पंधरा दिवसांनी तो पहाटेच दारात.
"लघवी नारिंगी होतेय. मरतोय का मी?"
"गोळ्यांचा रंग आहे तो."
हसला. हसता हसता खोकला.
मग बराच वेळ बुटांवरचा चिखल खरवडत राहिला.
"हॉस्टेलच्या खोलीत आठ जण होतो आम्ही," म्हणाला,
"काल रात्री मोजले. दोन उरलोय."
आणि हात पुढे केला. "कुठलं बोट?"

दोन रेघा उमटल्या.
"तिला कसं सांगू?"
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
"जेवणाआधी सांगा," एवढंच बोलले.

पुढचं मला मापुसेलेत्सोनं सांगितलं.
तो भिंतीकडे तोंड करून बोलला.
ती उठली, मक्याच्या पिठाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घातला,
बाटली काढली, कापूस ओढून फेकला.
त्या घरात पहिल्यांदाच गोळ्या वाजल्या.

तो रडला वगैरे नाही.
"तीन वर्षं?" म्हणाला,
आणि दोन रात्री घोड्यापाशी जाऊन झोपला.

तिसऱ्या दिवशी दोघं आली.
तो घोड्यावर, ती पुढे लगाम धरून चालत,
एकमेकांशी चकार शब्द नाही.
मी पेन्सिलची रेघ खोडली, पेनानं लिहिलं.
मग हिरवी वही उघडली, पान सदतीसशेजारी
त्याच्यासाठी जागा नव्हती.
पार शेवटच्या पानावर घेतला त्याला.
कुणाकडून कुणाला, त्यांनी विचारलं नाही,
मीही नाही. तसा रकानाच नाही.

निघताना मापुसेलेत्सोनं कापूस मागितला.
मी बघतच राहिले.
"घरी सासू आहे," ती म्हणाली.
त्यानं लगाम सोडवत मान हलवली.
मी दोघांपुरता कापूस दिला.