सावल्या जुळवून घ्या

शनिवारचा वर्ग. संगणक सहा, मुलं अकरा,
एका खुर्चीत दोघं, अर्धी अर्धी.
मोयनाकचा वारा फटीतून
खारट धूळ आत आणून ठेवतो,
म्हणून आधी कीबोर्ड उलटे करून झटकायचे,
मग धडा.

आज दोन फोटोंचा एक फोटो करायचा.
थर म्हणजे काय, मी सांगते :
कातलामा लाटताना आई घडीवर घडी घालते ना, तसं.
वरचं दिसतं. खालचं असतं.
"आणि वरचं पुसलं तर?" पराखात विचारतो,
आणि उत्तराआधीच पुसायला घेतो.

पहिला फोटो मीच काढलेला, गेल्या आठवड्यात :
वाळूत कलंडलेलं गंजकं जहाज,
त्याच्या सावलीत रवंथ करणारी एक गाय.
दुसरा बंदराच्या जुन्या कचेरीतला, कृष्णधवल.
नुसतं पाणी,
आणि कडेला कुणाचं तरी कोपर.

यांच्यापैकी कुणी इथला समुद्र पाहिलेला नाही.
मीही नाही. शिकवायला तो लागत नाही,
कडा मऊ कशा करायच्या तेवढं आलं की झालं.
जहाज घाईने कापू नका, सांगते,
गंजाला दाते असतात.

पाण्याला रंग कोणता, यावर भांडण.
साल्तानत शाळेच्या दाराचा निळा उचलते.
जेंगिस डेकच्याही वर पाणी भरतो :
"बुडालं!"
समुद्र होता तेव्हा बुडालंच असेल की एखादं,
असं म्हणून मोकळा होतो.

मियरीगुलने गाय काढलेलीच नाही.
लाटांवर बसलीय ती, खूरही न भिजता,
रवंथ चालू.
"अगं, गाय पूस."
"मग ती कुठे जाईल? बाहेर ऊन आहे."

मी वाकून चूक शोधते. चूक शोधणं मला जमतं.
"सावल्या बघ. जहाजाची डावीकडे, लाटांची उजवीकडे.
एका चित्रात दोन सूर्य झाले.
कुणीही ओळखेल."
ती उजेडाची पट्टी पुढे नेते, मागे आणते,
लाटा आडव्या उलटवून बघते,
पुन्हा होत्या तशा करते.
"आपा, तो सूर्य तेव्हाचा आहे
आणि हा परवाचा.
ते दोघं कसे जुळतील?"

एवढ्यात वीज गेली.
सहा काळ्या काचांत आमचे चेहरे.
कुणी सेव्ह केलं होतं, कुणी नव्हतं,
एक जण रडला, बाकीचे दप्तरं घेऊन पळाले.
कोपर मात्र अकराही जणांनी
न सांगता कापून टाकलं होतं.
मलाही ते
खोलीला कुलूप लावताना आठवलं.

घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी केली.
जहाज होतं तिथेच.
गाय उठून चार पावलं सरकली होती,
सावली जेवढी सरकली
तेवढीच.