रात्रीचं पाळणाघर, केमी

पावणेतीनला वेइक्का उठून बसतो.
बाकीची चारही गाढ झोपलेली;
कुणाची आई इस्पितळात,
कुणाचा बाप कागदाच्या कारखान्यात.
राइली हातातलं विणकाम ठेवते,
काही विचारत नाही.
त्याला कडेवर घेऊन खिडकीशी जाते.

बर्फ. कालपासून पडतोच आहे.

मग पिवळा दिवा गरगरत येतो
भिंतीवर, उशांवर, राइलीच्या चष्म्यावर.
लोखंडी पातं रस्ता खरवडत जातं.

"आई," तो म्हणतो.

बुधवारी तिची गाडी
विमानतळाच्या बाजूला असते.
राइलीला ते माहीत आहे.

"हात कर."
तो करतो.
आतला कुणी परका माणूस
दोनदा दिवे मिचकावतो.

वहीत, निळ्या शाईनं:
२.४५ जागा.
३.०० झोपला.
आई येऊन गेली.