हातचा एक

मेणबत्त्या फ्रिजमध्ये आहेत,
लोणी आणि वासरांची लस यांच्या मधे.
बाहेर ठेवल्या तर रविवारपर्यंत कमरेत वाकतात,
मेंढ्या कातरून कातरून वाकलेल्या गड्यांसारख्या.
तीन जांभळ्या, एक गुलाबी.
शिवाय एक साधी पांढरी,
हातचा म्हणून.

डिसेंबर इथे असाच येतो:
दाराची कडी चटका देते,
पत्र्यावर दुपार तडतडते,
आणि ॲडलेडहून आलेल्या भेटकार्डावर
कुणीतरी गळपट्टा गुंडाळून बर्फातून चाललेलं असतं.
"बर्फ म्हणजे फ्रीझरच्या भिंतीवर साठतं तेच ना?"
ओटीली विचारते. मी हो म्हणते.
भूगोलाचा तास संपला.

दुसरी शाळा दोनशे दहा किलोमीटरवर,
वाटेत अकरा फाटकं: उतरा, उघडा, गाडी काढा, लावा.
म्हणून टेबलाच्या या टोकाला कणीक,
त्या टोकाला वजाबाक्या.

नवऱ्याच्या पणजीची पणजी
सायलीशियातून जहाजाने आली,
आणि पहिल्याच आगमनकाळात म्हणे
फरची फांदी शोधत उन्हात दिवसभर हिंडली.
शेवटी निलगिरीची तोडली.
तेव्हापासून या घराण्यातली ख्रिस्ताची वाट
खोकल्याच्या औषधासारखी दरवळते.

दोरीवर चोवीस मोजे,
मोजायला आणि रोज एक रिकामा करायला.
चॉकलेटं बंद केली, गेल्या साली टाचेतून वाहून गेली.
आता चिठ्ठ्या असतात:
टाकीवर टकटक कर, पाणी कुठवर आहे ते ऐक.
तारेवरचे काकाकुवे मोज. उडाले तर वजा कर.
आजोबांना फोन लाव, आणि तूच बोल.

ओटीली वाचते. आन्सेल ऐकतो.
साडेसात वर्षांचा, चिठ्ठी उलटी धरून
बहिणीच्या ओठांकडे बघत उभा.
इंजिनाच्या आवाजावरून तो सांगतो कुणाची गाडी येतेय,
धूळ दिसायच्याही आधी.
पण अक्षरं त्याची चाहूल लागताच पांगतात,
पाणवठ्यावरच्या एमूंसारखी.

जानेवारीत शिक्षणखात्याच्या बाई येणार.
मी वहीत लिहिते: वाचन, प्रगतीपथावर.
मागच्या पानावर, मागच्या वर्षी,
माझ्याच अक्षरात हेच.

तिसरा रविवार. गुलाबी मेणबत्तीचा.
"आण रे," म्हटलं, आणि आणायला गेलेला पोरगा
फ्रिजचं दार उघडून उभाच राहिला.
"आन्सेल, दार."
नाही.
"आन्सेल, डिझेल काय फुकट येतं का?"
त्याचं बोट लशीच्या खोक्यावर.
"थं… ड.
जा… गी.
ठेवा."

जनरेटर धापा टाकत होता,
सगळा गारवा आमच्या पायांवरून अंगणात चालला होता.
जाऊ दिला.
ओटीलीने तोंड उघडलं, आणि मिटलं.
इतकी महाग भेट तिने भावाला कधी दिली नव्हती.

त्या रात्री दूध पावडरीचा डबा त्याला जमला नाही.
मिठाचाही नाही.
"उद्या," म्हणाला. खांदे उडवले.
तीन ज्योती होत्या, गुलाबी आत्ताच कलायला लागलेली,
आणि प्रार्थनेत त्याचा बाप नेहमीचा शब्द विसरला
म्हणून आम्ही सगळे हसलो, तोही.

मग मी बसल्या जागी झोपले.
पंधरावा मोजा भरायचा राहिला.

सकाळी पाहते तर तो फुगलेला.
आत एक कागद,
पेन्सिल इतकी दाबलेली की मागून बोटाला लागते.
एक अक्षर उलटं, एक गायबच:
त्याला येणारं एकमेव वाक्य.

चिठ्ठीत लिहिलेलं करायचं, हा आमचा नियम.
केलं.
लोण्याच्या शेजारी आहे ती,
पांढऱ्या मेणबत्तीला टेकून.