दोन्हीकडची बिजागरी

सित्रा. ऑगस्ट. अकरा वाजता वर्कशॉपचा पत्रा
स्वतःशीच कुरकुरतो. समुद्र दोनशे पावलांवर,
पण त्याचा वारा येत नाही, नुसता घाम येतो:
माणसांना, भिंतींना, फ्रिजच्या रबरी कडेलासुद्धा.

अबू महदीने बिलाच्या पाठीवर घराचा नकाशा काढला.
इथे मजलिस, इथे आईची खोली,
मधल्या बोळात फ्रिज.
मजलिसकडून येणाऱ्याला दार बरोबर उघडतं.
आईच्या चाकांच्या खुर्चीला
ते दर वेळी आडवं येतं, अगदी तोंडावर.
पाण्याच्या बाटलीसाठी तिला हाक मारावी लागते
आणि हाक मारणं तिला आवडत नाही.
"दोन्हीकडून उघडेल असं कर," तो म्हणाला,
सदऱ्याला दुसरा खिसा लाव म्हणावं तसं.

मी तीन रात्री रेघा ओढल्या.
डावीकडे बिजागरी, उजवीकडे बिजागरी:
दोन्हीकडे बांधलेलं दार म्हणजे भिंत.
दोन्ही काढून घ्या, उरतं पत्र्याचं मोठं ताट.
म्हणजे एकीने सोडायचं तेव्हाच दुसरीने धरायचं,
आणि कुणी सोडायचं
ते ओढणाऱ्या हाताने ठरवायचं.

मुठीच्या आत खुंट्या बसवल्या, एक वर, एक खाली.
मूठ ओढली की त्या आत जातात,
गोगलगाय शिंगं आत घेते तशा.
चौथ्या दिवशी हुजैफा परकार डावीकडे, मी उजवीकडे.
नीट चाललं होतं.
मग त्याने ओढली तेव्हाच मीही ओढली,
का कोण जाणे.
अख्खं दार हातात आलं,
अठरा किलो, थेट त्याच्या अंगठ्यावर.
"अरे, कोणीतरी एकानं धराया नको?"
एका पायावर नाचत तो ओरडला
आणि नाचता नाचता हसायलाही लागला.

वर्कशॉपची वही एकच.
मी पुढून लिहितो: स्क्रू, पत्रा, उधारी.
अबू महदी मागून, त्याच्या पहिल्या पानापासून.
दोघांनाही वाटतं, वही आपण सुरू केली.
त्याचा पाच माझ्या शून्यासारखा दिसतो,
त्यावरून एकदा भांडलोही, पाच दिनारांसाठी.
जूनच्या सुमारास कधीतरी
शिवणीजवळच्या एका पानावर
त्याची उधारी आणि माझी उधारी समोरासमोर येतात.
मग नवी वही.

शेवटी एक सळई टाकली, दाराच्या डोक्यातून आडवी.
एक मूठ ओढली की सळई सरकते
आणि दुसरी मूठ बहिरी होते.
कितीही ओढा, ऐकत नाही,
पहिली जागेवर येईपर्यंत.
ती बसवत होतो तेव्हा देवगडहून फोन वाजला.
गणपतीला येणार का, हेच असणार;
अबू महदी म्हणालाय, एवढं काम होऊ दे, बघू.
अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न होता, हात सळईवर.
वाजू दिला.

गुरुवारी संध्याकाळी मुहर्रकला नेऊन दार चढवलं.
म्हातारी खुर्ची रेटत आली. डावीकडून उघडलं, लावलं.
मग मजलिसमधून वळसा घालून, चाकं चौकटीला घासत,
उजवीकडे गेली, तिकडूनही उघडलं.
आत तेच: लबनच्या बाटल्या, इन्सुलिन, अर्धं कलिंगड.
बघत राहिली थोडा वेळ,
या बाजूने काही वेगळं असायला हवं होतं जणू.
मग कलिंगड मांडीवर घेतलं
आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली:
सुरी आणा.

बोटांना कलिंगडाचा चिकटपणा, तसाच पायरीवर बसलो
आणि देवगडला फोन लावला.
एंगेज.
पुन्हा लावला. एंगेज.
तीही तेव्हाच लावत असणार.