गाढवीचं नाव लिहा

बसा, फादर. त्या खुर्चीचा पाय मोडका आहे, जपून.
विचारा काय ते. पण त्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांची होते
आणि नऊ वर्षांच्या पोरीला
माणसांपेक्षा गाढवं जास्त लक्षात राहतात.

फ्राय पोन्सियानोची गाढवी होती, मार्केसा.
एक कान फाटका, चाल सरदारणीची.
ऑलिव्ह झोडपून झाले की दोघं गावोगाव फिरायची,
मठासाठी तेल मागत, चणे मागत,
आणि पहिल्या दारात मिळालेलं
चौथ्या दारात देऊन टाकत.
मठाधिपती ओरडायचे म्हणे,
"पोन्सियानो, ही झोळी आहे की चाळणी?"
तो मान खाली घालायचा.
झोळी काही शिवायचा नाही.

तुम्ही लिहीत नाही आहात.
बरं. मरणाचंच हवंय, तर मरणाचं.

जुलैत रेडिओ ओरडू लागला,
ऑगस्टात मठातून धूर आला.
बापानं त्याला आमच्या माळ्यावर आणलं, गवतात.
माझा बाप! गळ्यात लाल-काळा रुमाल,
देवळात गेला तो एकदाच,
स्वतःच्या बाप्तिस्म्याला, तोही रडत.
का आणलं, कुणी विचारलं नाही.
एका हिवाळ्यात त्या झोळीतले चणे आमच्या चुलीवर शिजले होते,
एवढं आई बोलली. एकदाच.

तीन रात्री.
गाढवीला समितीनं काडतुसं वाहायला नेलं होतं.
चौथ्या दिवशी तिनं दावं तोडलं
आणि येऊन उभी राहिली आमच्या दारात,
मान वर, माळ्याच्या झरोक्याकडे बघत.
ट्रकमधून आलेली माणसं आधी हसली.
मग मारलं तिला, ढकललं. हलेना.
मग एकानं
ती बघत होती तिकडे पाहिलं.

बाप म्हणाला, वर नुसतं गवत आहे.
तेवढ्यात शिडी कुरकुरली.

काय म्हणाला तो? कळतं मला, हेच हवंय तुम्हाला.
पलीकडच्या आळीतली बेनिग्ना शपथेवर सांगते,
त्यानं ख्रिस्ताचा जयजयकार केला.
ऐकला असेल तिनं. वारा त्या बाजूचा होता.
मी ऐकलं ते एवढंच:
"सकाळपासून पाणी प्यायलेली दिसत नाही ही.
पाच मिनिटं द्या."

दिली त्यांनी.
त्यानं दोन बादल्या ओढल्या.
ती सावकाश प्यायली, तिला कसली घाई.
सगळे ताटकळत उभे: बंदुका, आई, मी.
एका पोरानं सिगारेट वळून त्याला दिली.
ती त्यानं कानामागे खोचली,
नंतर ओढणार असल्यासारखी.

मग त्याच्याच कमरेच्या दोरीनं हात बांधले.
त्या दोरीला तीन गाठी असतात, तीन शपथांच्या,
हे तुम्हाला मी काय सांगू.
चौथी त्यांनी मारली.
खळ्यावर नेलं. मळणी नुकतीच झाली होती.
चिमण्या उडाल्या,
परत येऊन बसल्या.

दोरी? अवशेष म्हणून?
नाही ती. आईनं रात्री सोडवून आणली,
धुतली, बादलीला बांधली.
घरात दुसरी नव्हती, फादर.
अकरा वर्षं आम्ही तिनं पाणी ओढलं.
मग झिजून तुटली, विहिरीत गेली.

दोन हिवाळ्यांनी दुसऱ्या बाजूची माणसं आली.
रुमाल वेगळे, बंदुका तशाच.
बापाला पुलाकडे नेलं.
तो काय म्हणाला ते ऐकायला आईनं मला जाऊ दिलं नाही.
त्याच्यासाठी वही घेऊन
अजून कुणी आलेलं नाही.

चिडून सांगत नाही. तो संत होता,
कुठे सही करू दाखवा.
फक्त कुठेतरी कोपऱ्यात घाला,
फाब्रिसियो लानुसा, रस्त्यावर खडी फोडणारा.
आणि गाढवीचं नाव लिहा.
ती पुढे सहा वर्षं जगली.
विहिरीपाशी नेली की
आधी वर बघायची,
मग प्यायची.